पायातलं लांब ब्लॉकेज: स्टेंटच्या आधीचं मोजमाप

जांघेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मांडीतून जी धमनी उतरते, तीच पोटरीला आणि पावलाला रक्त पोचवते. मोठ्या माणसात तिचा व्यास साधारण पाच ते सात मिलिमीटर असतो. मधुमेह, विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि वय यांनी मिळून ती वर्षानुवर्षं अरुंद होत जाते आणि कधी कधी वीतभर किंवा त्याहून जास्त लांबीपर्यंत पुरती बंद पडते. हृदयाच्या धमनीत तीन सेंटिमीटरचं ब्लॉकेजसुद्धा लांब समजतात. मांडीत मात्र वीस-पंचवीस सेंटिमीटरचं ब्लॉकेज डॉक्टरांना नेहमी भेटतं. अशा ब्लॉकेजचं काय करायचं? नुसता फुगा फुगवायचा, स्टेंट (धमनी उघडी धरणारी धातूची जाळीदार नळी) टाकायचा, औषध लावलेला स्टेंट टाकायचा, की शस्त्रक्रिया करून बायपास करायचा? गेली वीस-पंचवीस वर्षं या प्रश्नावर जगभर चाचण्या चालू आहेत, आणि आता धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीची त्यात भर पडली आहे. हा सगळा पुरावा समोर ठेवून पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोणतं साधन वापरलं याच्याइतकंच, वापरण्याआधी आणि नंतर नीट मोजलं का, यावर पायाचं भवितव्य ठरतं. घोट्यातल्या रक्तदाबापासून हे मोजमाप सुरू व्हायला हवं, आणि नेमकं तिथंच आपण कमी पडतो.

पनवेल तालुक्यातलं ओवे गाव घ्या. ओवे, ओवे पेठ, ओवे कॅम्प ही सगळी वस्ती आता खारघरच्या इमारतींनी वेढली आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी इथल्या भातशेतीच्या जमिनी गेल्या, आणि दोन पिढ्यांत चिखलात राबणारी माणसं नोकरीत, दुकानात, रिक्षात, गाडीत बसती झाली. देशाचं चित्रही हेच आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, आणि हे प्रमाण ग्रामीण भागात ८.९ टक्के, तर शहरी भागात १६.४ टक्के आहे. ओव्यासारखं गाव ग्रामीण भागातून शहरी भागात सरकतं, तेव्हा त्याच्या आजारांचा आकडाही सरकतो.

पायाच्या धमनीचा आजार सुरुवातीला बोलून दाखवत नाही. चैत्रात एकवीरेच्या पालखीबरोबर कार्ल्यापर्यंत चालत जाणारा माणूस एखाद्या वर्षी म्हणतो, ‘पोटऱ्या भरून येतात, यंदा गाडीनं जातो.’ घरचे म्हणतात, वय झालं. कुणी सायटिका म्हणतं, कुणी तेल चोळून देतं. खरी खूण साधी आहे. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातो, आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की परत येतो. मणक्याच्या दुखण्यात बहुधा नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढं वाकावं लागतं. आजार वाढला की रात्री आडवं झाल्यावर पाऊल ठणकतं आणि माणूस पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपतो, कारण पाय खाली असला की थोडं जास्त रक्त उतरतं. हे लक्षण दिसलं की थांबायला वेळ उरलेला नसतो. त्यातच मधुमेहानं पावलाची संवेदना गेलेली असेल तर चप्पल चावली, नख काढताना कातडी कापली, गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलं, तरी कळत नाही. रक्त पोचत नसल्यानं जखम भरत नाही. अंगठा काळा पडतो, आणि मग धावाधाव सुरू होते. (पाय अचानक थंड, पांढरा आणि बधिर पडला तर ती वेगळी गोष्ट. तिथं धमनीत गुठळी अडकलेली असते, हाताशी काही तासच असतात, आणि दवाखाना गाठण्यात एक मिनिटही घालवू नये.)

पहिलं मोजमाप घोट्याचं. रुग्णाला दहा मिनिटं पाठीवर निजवायचं. दंडावर बांधतात तोच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा. घोट्याच्या आतल्या हाडामागं जेली लावून पेन्सिलीएवढा डॉपलर टेकवायचा. धमनी सापडली की यंत्रातून ‘हुश्श-हुश्श’ असा आवाज येऊ लागतो. पट्टा फुगवत नेला की आवाज बंद पडतो. हवा हळूहळू सोडली की ज्या आकड्याला तो परत उमटतो, तो घोट्याचा दाब. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ७० असेल तर भागाकार ०.५ येतो. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. ०.९ पेक्षा खाली आला की धमनीचा आजार आहे असं धरतात. मधुमेहात एक फसगत होते. धमनीच्या भिंतीत चुना साचून ती इतकी कडक झालेली असते की पट्टा तिला दाबूच शकत नाही. मग भागाकार १.४ च्या वर जातो आणि कागदावर सगळं उत्तम दिसतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तिथला दाब मोजायचा, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत चुना कमी साचतो. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं, एक हातातला डॉपलर आणि शिकवलेली एक परिचारिका पुरते. पनवेल तालुक्यात मधुमेहाचे रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात हे यंत्र असायला हवं, असं मी आग्रहानं म्हणेन. हृदयासाठी ईसीजी जितका सहज निघतो, तितकाच सहज पायाचा हा आकडा निघाला पाहिजे.

आकडा खाली आला म्हणून लगेच स्टेंट, असंही नाही. नुसतं चालताना दुखत असेल, जखम नसेल, रात्रीची कळ नसेल, तर तंबाखू बंद, साखर-रक्तदाब ताब्यात, स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं असा रोजचा व्यायाम, हीच पहिली पायरी. बऱ्याच जणांचं चालण्याचं अंतर एवढ्यानंच वाढतं. विडी ओढणाऱ्या तरुण माणसाला पावलाच्या आणि पोटरीच्या बारीक धमन्या सुजून बंद पडण्याचा बर्गर नावाचा आजार असेल, तर स्टेंटचा फारसा उपयोग होत नाही. तिथं विडी पूर्ण सुटणं हाच उपचार. धमनी उघडण्याचा प्रश्न येतो तो दुखण्यानं रोजचं जगणं अडलं तर, आणि पाय धोक्यात असेल तर नक्कीच.

धमनी आतून उघडता येते ही कल्पना मुळात पायाचीच. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथं चार्ल्स डॉटर या रेडिऑलॉजिस्टनं ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी नळ्या सरकवून रुंद केली. पावलाला गँगरीन झालं होतं आणि पाय कापून घ्यायला तिनं नकार दिला होता. पाय वाचला, आणि पुढं अडीच वर्षांनी न्यूमोनियानं ती गेली तोवर ती स्वतःच्या पायांवर चालत होती. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, झ्युरिकला आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी फुगा वापरला, तोही आधी पायाच्या धमनीत. हृदयाची पाळी १९७७ साली आली. पुढं हृदयाची अँजिओप्लास्टी घराघरांत माहीत झाली आणि पाय मागं पडला.

तो मागं पडायला कारणही आहे. मांडीतली धमनी हट्टी जागा आहे. मांडी घालून बसलं, उकिडवं बसलं, जिना चढला की ती वाकते, पिळली जाते, आखडते, ताणली जाते, आणि मांडीच्या खालच्या टोकाला स्नायूंच्या बोगद्यातून जाताना दाबलीही जाते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आणि उकिडवं बसून कामं करणाऱ्या आपल्या लोकांत हे आणखी जास्त. नुसता फुगा फुगवला तर भिंत चिरते किंवा थोड्याच वेळात परत आवळते. पोलादी स्टेंट चेपला की चेपलेलाच राहतो. म्हणून इथं निकेल आणि टायटॅनियमचा नितिनॉल नावाचा मिश्रधातू आला. तो दाबला तरी पुन्हा मूळ आकार धरतो. २००६ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १०४ रुग्णांवर केलेली चाचणी या बाबतीत निर्णायक ठरली. सरासरी तेरा सेंटिमीटरच्या आसपास लांबीवर उपचार केलेल्या धमन्या वर्षभरानं पुन्हा अरुंद झालेल्या आढळल्या त्या फुग्याच्या गटात ६३ टक्के, तर नितिनॉल स्टेंटच्या गटात ३७ टक्के. फरक मोठा आहे. पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्टेंट वर्षात आतून भरले, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

लांबी वाढली की अडचणी कशा वाढतात, हे त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या एका अभ्यासानं दाखवलं होतं. एक्स-रे काढून पाहिलं तर पायातले स्टेंट मोडत होते. स्टेंट टाकलेला भाग आठ सेंटिमीटरपर्यंत असेल तर मोडण्याचं प्रमाण १३ टक्के होतं, आणि सोळा सेंटिमीटरच्या वर गेला की ५२ टक्के. पुढच्या पिढीचे स्टेंट लवचीक झाले, एकावर एक तीन-चार जोडण्याऐवजी एकच लांब स्टेंट मिळू लागला. सरासरी २४ सेंटिमीटरच्या ब्लॉकेजमध्ये असे लांब स्टेंट टाकून पाहिले, तेव्हा वर्षभरानं सुमारे ६५ टक्के धमन्या उघड्या राहिल्या. तारा विणून केलेला सुपेरा नावाचा स्टेंट मोडण्याच्या बाबतीत सर्वांत मजबूत ठरला, पण त्याची एक अट आहे. धमनी आधी पुरेशी उघडलेली असावी आणि स्टेंट तिच्या मापाचा असावा. माप चुकलं तर विण ताणली जाते आणि त्याचा सगळा फायदा जातो.

आत पेशी वाढून स्टेंट भरू नये म्हणून पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगात वापरलं जाणारं औषध स्टेंटवर आणि फुग्यावर लावलं जाऊ लागलं. झिल्व्हर पीटीएक्स या स्टेंटच्या चाचणीत पाच वर्षांनी ६६ टक्के धमन्या उघड्या होत्या, तुलनेच्या गटात ४३ टक्के. त्या चाचणीतली ब्लॉकेज मात्र बरीच आखूड होती. लांब ब्लॉकेजसाठी जास्त उपयोगी पडते ती झिल्व्हरपास नावाची चाचणी. यात सरासरी २५ सेंटिमीटरच्या ब्लॉकेजमध्ये हा स्टेंट आणि कृत्रिम नळीचा बायपास यांची गाठ घातली होती. वर्षभरानं दोन्हीकडे तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाट उघडी राहिली, आणि शस्त्रक्रियेच्या गटात गुंतागुंत जास्त झाली. कृत्रिम नळी शिवण्यापेक्षा स्टेंट वाईट नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. मधल्या काळात, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, पॅक्लिटॅक्सेलनं काही वर्षांनी मृत्यू वाढतात असं एका विश्लेषणात आलं आणि जगभर घबराट उडाली. पुढं बरीच जास्त माहिती जमा झाली, आणि २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पुराव्यातून मृत्यूचा वाढीव धोका दिसत नाही असं सांगून जुना इशारा मागं घेतला.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

अँजिओग्राफीत धमनीत डाय सोडतात आणि एक्स-रेवर तिची सावली पाहतात. नदीच्या पाण्याची रुंदी वरून दिसावी आणि तळाचा गाळ दिसू नये, तसं हे आहे. रक्त कुठपर्यंत जातं ते दिसतं. भिंत केवढी जाड आहे, चुना किती आहे, धमनीचा खरा व्यास काय, हे दिसत नाही. लांब ब्लॉकेजमध्ये तर आजार वरपासून खालपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे ‘निरोगी भाग इतक्या मापाचा, म्हणून स्टेंट इतक्या मापाचा’ असं ठरवायला निरोगी भागच सापडत नाही.

तिथं धमनीच्या आतली सोनोग्राफी कामाला येते. तिला डॉक्टर मंडळी ‘आयव्हस’ म्हणतात. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरच्या टोकाला ध्वनिलहरी सोडणारा इवलासा स्फटिक असतो. धमनीतून आधीच पार केलेल्या तारेवरून हा कॅथेटर खालपर्यंत नेतात आणि हळूहळू मागं ओढत आणतात. कॅथलॅबच्या पडद्यावर धमनीचा आडवा छेद दिसू लागतो. मध्ये कॅथेटरचं काळं वर्तुळ, भोवती राखाडी गाळ, त्याबाहेर भिंतीच्या स्नायूंची काळी रेघ. ही रेघ म्हणजे धमनीची खरी हद्द. तंत्रज्ञ तिच्यावर दोन टोकांना खुणा करतो आणि आकडा उमटतो. अँजिओग्राफीत पाच मिलिमीटरची वाटलेली धमनी इथं अनेकदा सहाच्या वर भरते. मग जो स्टेंट पाचाचा उघडला जाणार होता तो बाजूला ठेवला जातो. उलटही घडतं. मोठा स्टेंट कोंबला तर तो भिंतीवर सतत दाब देत राहतो आणि आत पेशींची वाढ ओढवून घेतो. चुना असेल तिथं पडद्यावर पांढरी शुभ्र कमान दिसते आणि तिच्यामागं काळी सावली. कमान पूर्ण गोल असेल तर नुसत्या फुग्यानं भिंत उघडणार नाही. आधी चुना खरवडावा किंवा फोडावा लागेल, हे डॉक्टरला तिथंच कळतं.

लांब ब्लॉकेजमध्ये तार जाते कुठून, हा आणखी नाजूक प्रश्न. पुरत्या बंद धमनीत तार नेहमी मधल्या पोकळीतूनच जाते असं नाही. पुष्कळदा ती भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि खाली परत पोकळीत उतरते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लेस्टर इथं अमन बोलिया यांनी याच वाटेचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेतला, आणि लांब ब्लॉकेज उघडण्याची ती एक मान्य पद्धत झाली. पण तार थरात आहे की पोकळीत, किती अंतर थरात आहे, खाली नेमकी कुठं बाहेर आली, हे सावलीत कळत नाही. आयव्हसच्या छेदात ते लख्ख दिसतं. काम झाल्यावर तोच कॅथेटर परत फिरवला की स्टेंट कुठं पुरता उघडला नाही, टोकाला भिंत चिरली का, हेही कळतं. चिरलेला पापुद्रा अँजिओग्राफीत निसटणं नेहमीचं आहे, आणि तोच पुढं महिन्या-दोन महिन्यांत धमनी बंद पाडू शकतो.

हे सगळं दिसायला छान आहे, पण रुग्णाला फायदा होतो का? ऑस्ट्रेलियात ॲडलेडला १५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. आयव्हस वापरलेल्या गटात वर्षभरानं ७२ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या नव्हत्या, नुसत्या अँजिओग्राफीच्या गटात ५५ टक्के. आयव्हसच्या गटात दर पाचांपैकी जवळपास चार रुग्णांत आतलं चित्र पाहून डॉक्टरांनी ठरवलेला बेत बदलला. माझ्या मते या चाचणीतला हाच सर्वांत बोलका आकडा, कारण नुसत्या सावलीवर किती निर्णय चुकत असतील ते त्यातून कळतं. पुन्हा प्रक्रिया करावी लागण्यात मात्र तिथं स्पष्ट फरक दिसला नव्हता. तो कोरियातल्या चाचणीत दिसला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २३७ रुग्ण होते आणि औषधी फुगा वापरला होता. वर्षभरानं धमनी उघडी राहिली ती आयव्हससह ८४ टक्के, त्याविना ७० टक्के. पुन्हा प्रक्रिया करण्याची वेळही कमी आली, आणि गुंतागुंतीच्या, लांब ब्लॉकेजमध्ये फायदा जास्त दिसला. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातल्या पाच लाख चाळीस हजारांहून जास्त प्रक्रियांची नोंद तपासली, तेव्हा आयव्हस वापरलेल्यांत पाय कापण्यासारख्या मोठ्या घटना सुमारे चतुर्थांशानं कमी होत्या. ही नोंदींची तपासणी आहे, चाचणी नाही. जिथं आयव्हस आहे तिथले डॉक्टर आणि व्यवस्थाही चांगली असू शकते, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. शिवाय वर्षभर धमनी उघडी राहणं आणि पाय वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. आखूड, सरळ ब्लॉकेजमध्ये आयव्हसवाचून चालेल. वीतभर लांबीच्या, चुन्यानं भरलेल्या, थरातून वाट काढलेल्या धमनीत त्याच्याविना स्टेंट टाकणं मला पटत नाही.

स्टेंटच्या या चर्चेत बायपास विसरला जातो, आणि ते धोक्याचं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बेस्ट-सीएलआय या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाय धोक्यात असलेल्या १,८३० रुग्णांपैकी ज्यांच्या पायातली स्वतःची लांब शिरा चांगली होती, त्यांच्यात शिरेचा बायपास सरस ठरला. मृत्यू किंवा पायाची मोठी आपत्ती शस्त्रक्रियेच्या गटात ४३ टक्क्यांना आली, तारेनं, म्हणजे धमनीच्या आतून फुगा-स्टेंट वापरून, उपचार केलेल्या गटात ५७ टक्क्यांना. चांगली शिरा नसलेल्यांत दोन्हींत ठळक फरक राहिला नाही. पाठोपाठ २०२३ साली ब्रिटनमधून बेसिल-२ चा निकाल आला तो उलटा. गुडघ्याखालच्या धमन्यांच्या आजारात आधी तारेचा उपचार केलेल्यांचं पायासकट जगण्याचं प्रमाण जास्त निघालं. दोन चाचण्यांतले रुग्ण, त्यांची वयं, ब्लॉकेजच्या जागा वेगळ्या. त्यामुळे एकीनं दुसरीला खोडून काढलं असं होत नाही. रुग्णाच्या दृष्टीनं यातून निघतं ते एवढंच, की निर्णयाआधी पायातल्या शिरेचीही सोनोग्राफी व्हावी. शिरा तीन मिलिमीटर किंवा जास्त रुंद आणि सलग आहे का, हे त्या तपासणीत कळतं. चांगली शिरा आहे, माणूस शस्त्रक्रिया सोसेल असा आहे, मांडीतली धमनी पुरती बंद आहे आणि पाय धोक्यात आहे, अशा वेळी व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवल्याविना स्टेंटला होकार देऊ नये. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या, मूत्रपिंड कमकुवत असलेल्या ऐंशीच्या आजोबांसाठी मात्र तारेचाच रस्ता बरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयव्हसमुळे डाय कमी लागतो, हाही एक फायदा.

मग ओव्याच्या माणसानं जायचं कुठं? जवळ पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचं एमजीएम, बेलापूर-खारघरची खासगी रुग्णालयं. नाहीतर हार्बरनं कुर्ल्याला येऊन गाडी बदलायची आणि परळचं केईएम गाठायचं. रस्ता फार लांबचा नाही. अडचण पैशाची आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधी स्टेंटला २९,६०० रुपये. हजारो घरांचं कर्ज त्यानं टळलं. पण हा निर्णय हृदयाच्या स्टेंटपुरता होता. पायाच्या स्टेंटना तशी कमाल किंमत लागू नाही. २०२० पासून सगळीच वैद्यकीय साधनं औषधाच्या व्याख्येत आली, पण त्यानं वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त दरवाढ रोखली जाते, मूळ किंमत उतरत नाही. आयव्हसचा कॅथेटर वेगळा, तोही एकदा वापरून टाकायचा. पायाचा रुग्ण आणि हृदयाचा रुग्ण बहुतेकदा एकच असतो, आजारही एकच. छातीतल्या स्टेंटला दराचं संरक्षण आणि मांडीतल्या स्टेंटला नाही, हा भेद दूर व्हायला हवा.

राज्याच्या योजनेचा आधार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तीच पुढं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता विस्तारानंतर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात शिरताच तिथं योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठावं. पायाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास कोणत्या पॅकेजात बसतो, किती स्टेंट धरले आहेत, त्यावर पदरचं काय द्यावं लागेल, हे आधी लिहून घ्यावं. लांब ब्लॉकेजला एकाहून जास्त स्टेंट लागू शकतात, त्यामुळे हा प्रश्न प्रक्रियेच्या टेबलावर निघू नये. योजना आखणाऱ्यांनी वीस सेंटिमीटरच्या वरच्या ब्लॉकेजसाठी आयव्हसचा खर्च वेगळा मंजूर करावा. पुन्हा पुन्हा बंद पडणारी धमनी आणि शेवटी कापावा लागणारा पाय सरकारलाही महागच पडतो.

स्टेंट टाकून घरी आल्यावर मोजमाप थांबत नाही. पहिल्या दोन वर्षांत स्टेंट भरण्याचा धोका सर्वांत जास्त. ठरावीक महिन्यांनी घोट्याचा आकडा आणि कलर डॉपलर करून घ्यायचा. डॉपलरमध्ये स्टेंटच्या एखाद्या जागी रक्ताचा वेग आधीच्या भागापेक्षा अडीचपटीच्या आसपास गेला, तर तिथं धमनी निम्म्याहून अरुंद झाली असं समजतात. धमनी पुरती बंद पडण्याआधी हे लक्षात आलं तर उपाय सोपा असतो. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी स्वतःच्या मनानं सोडायची नाही. दात काढायला गेल्यावर कुणी बंद करा म्हटलं तरी आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. रोज रात्री पावलाचा तळ आरशात पाहायचा, किंवा घरातल्या सुनेला-नातवाला दाखवायचा.

काही रुग्ण इतक्या उशिरा पोचतात की जंतुसंसर्ग वर चढलेला असतो आणि जीव वाचवायला पाय कापावाच लागतो. तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण जिथं तातडी एवढी टोकाची नाही, तिथं कागदावर सही करण्याआधी नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. घोट्याचा किंवा अंगठ्याचा दाब किती आला? मांडीपासून पावलापर्यंतच्या धमन्यांचं चित्र काढलं का? आणि धमनी उघडली तर कापण्याची पातळी खाली आणता येईल का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. रक्त खाली पोचलं तर मांडीऐवजी पोटरीत, पोटरीऐवजी नुसत्या बोटांत भागू शकतं. स्वतःचा गुडघा राहिलेल्या माणसाला कृत्रिम पाय लावून चालायला मांडीतून कापलेल्या माणसापेक्षा पुष्कळ कमी श्रम पडतात, आणि मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत तो पाय बसवून चालायलाही शिकवतात.